सारख्या चेहऱ्याचे शब्द

हिंदी आणि मराठी या दोन भाषांत अनुवाद करणे सोपे असते, असा एक समज आहे. लिपी एक, संस्कृतातून आलेले शब्द बरेचसे समान, वाक्याची ठेवणही जवळची. मग अडचण ती काय? भिलाईसारख्या गावात, जिथे मराठी माणूस घराचा उंबरा ओलांडताच हिंदीत शिरतो, हा समज आणखी पक्का होतो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. जिथे दोन भाषांचे शब्द वेगळे दिसतात तिथे अनुवादक मुळातच सावध असतो. तेलुगूतला शब्द अडला की तो कोश उघडतो, जाणकाराला विचारतो. हिंदीतला 'अस्वस्थ' मराठीत आणताना मात्र कोणी कोश उघडत नाही. शब्द ओळखीचा असतो, तो तसाच उचलून ठेवला जातो. हिंदी कथेत तापाने अंथरुणाला खिळलेला माणूस मराठीत येतो तो मनाला लागलेल्या टोचणीने येरझाऱ्या घालत! वाक्य बिनचूक असते, व्याकरण शुद्ध असते आणि माणूस मात्र बदललेला असतो.

अशा सारख्या चेहऱ्याच्या शब्दांचे दोन गट करता येतील. पहिल्या गटातले शब्द एकमेकांपासून फार दूर गेले आहेत. 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'राजीनामा' हिंदीत तडजोडीचा कागद, मराठीत पद सोडल्याचे पत्र. 'संशोधन' तिकडे दुरुस्ती, इकडे नव्या ज्ञानाचा शोध. 'आपत्ती' तिकडे हरकत, इकडे संकट. या शब्दांवर आपल्याकडे भरपूर विनोद झाले आहेत आणि म्हणूनच ते निरुपद्रवी आहेत. त्यांची गल्लत झाली तर वाक्यच कोसळते आणि चूक लगेच दिसते.

खरी काळजी दुसऱ्या गटाची आहे. हे शब्द अर्धेच दुरावले आहेत. 'आस्था' घ्या. हिंदीत तिचा कल श्रद्धेकडे आहे. देवस्थान हे 'आस्था का केंद्र' असते. मराठीत आस्था म्हणजे जिव्हाळ्याची काळजी. आपण एखाद्याची आस्थेने विचारपूस करतो. 'साहस' हिंदीत निखळ गुण आहे. मराठीत त्याला अविचाराची बारीक किनार आहे, 'उगाच नको ते साहस करू नकोस' असे आपण बजावतो. 'कौतुक' हिंदीत कुतूहलाकडे आणि नवलाकडे झुकते. मराठीत त्यात माया असते, आणि बहुधा मोठ्याने लहानाकडे पाहण्याची नजर असते. आपण नातवाचे कौतुक करतो. आजोबांचे कौतुक करायचे तर सूर थोडा बदलावा लागतो. या गटातला शब्द जसाच्या तसा उचलला तरी वाक्य उभे राहते. वाचकाला खटकत नाही. फक्त लेखकाने जे म्हटले होते ते तिथे नसते.

हा प्रश्न या भूमीत नवा नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे १८५४ पर्यंत होता आणि पुढे मध्य प्रांतात दोन्ही भाषा शेजारी नांदल्या. पेंड्र्याहून १९०० साली 'छत्तीसगढ़ मित्र' काढणारे माधवराव सप्रे जन्माने मराठी. त्यांनी आयुष्य हिंदीला वाहिले, आणि 'दासबोध' व टिळकांचे 'गीतारहस्य' हे दोन भारदस्त ग्रंथ हिंदीत नेले. 'दासबोध' हिंदीत नेणाऱ्या कोणाही अनुवादकापुढे पहिल्याच पायरीवर एक शब्द उभा राहतो, तो म्हणजे 'प्रपंच'. आजच्या मराठी कानाला प्रपंच म्हणजे घरदार, पोराबाळांची जबाबदारी, रोजची ओढाताण. तो कष्टाचा असेल, मोहाचा असेल, पण अप्रतिष्ठेचा नाही. हिंदीत हाच शब्द 'छल-प्रपंच' या जोडीत वावरतो. प्रपंच रचणारा माणूस कारस्थानी असतो. आता रामदासांचा आग्रह असा की आधी प्रपंच नीट करावा, मग परमार्थाकडे वळावे. प्रपंच हा शब्द तसाच ठेवला तर हिंदी वाचकाच्या मनात कपटाची सावली पडते. त्याजागी 'गृहस्थी' घातला तर सावली जाते, पण पंचमहाभूतांच्या पसाऱ्याचा जो तात्त्विक अर्थ रामदासांच्या शब्दामागे उभा आहे तोही जातो. दोन्ही वाटांवर काहीतरी सांडतेच. काय सांडू द्यायचे हे ठरवणे हेच अनुवादकाचे काम, आणि ते ठरवायचे तर आधी दोन्ही छटा दिसायला हव्यात.

भिलाईहून दुर्ग आणि दुर्गाच्या पुढे राजनांदगाव; मुंबईकडे जाणारी गाडी हे अंतर काही वेळातच तोडते. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली पेटली. त्याच्या आदल्या वर्षी गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. त्यांची 'अंधेरे में' ही दीर्घ कविता आपल्या इतक्या जवळ वावरणाऱ्या माणसाची आहे, आणि शब्द तर ओळखीचेच आहेत. म्हणून ती मराठीत सहज येईल असे आमच्यातल्या अनेकांना वाटते. मी या कवितेच्या दोन शब्दांपुरते बोलतो. तेवढ्यानेही मुद्दा स्पष्ट व्हावा.

पहिला शब्द शीर्षकातलाच. 'अंधेरे में' म्हणजे 'अंधारात' की 'काळोखात'? कोशात दोन्ही समानार्थी. वापरात तसे नाही. अंधार पडतो, काळोख दाटतो. अंधार म्हणजे उजेडाचा अभाव. दिवा लावला की तो गेला. काळोखाला जणू अंग असते, वजन असते. तो रानावर, विहिरीत, घाटात भरून राहतो. कवितेचे वातावरण पाहिले तर काळोखाची ओढ वाटणे साहजिक आहे, आणि कानालाही तो शब्द अधिक गहिरा लागतो. तरीही माझे मत 'अंधारात' या बाजूचे आहे. मराठीत आपण एखाद्याला 'अंधारात ठेवतो', म्हणजे त्याच्यापासून गोष्ट लपवतो. 'काळोखात ठेवणे' असा वाक्प्रचार नाही. ही कविता केवळ रात्रीची नाही, ती लपवाछपवीची आहे. दिवसा प्रतिष्ठितपणे वावरणारे लोक रात्री कोणाबरोबर चालतात, हे तिथे निवेदकाला दिसते. लपवण्याचा हा अर्थ 'अंधार' या शब्दाला मराठीत आधीच चिकटलेला आहे. तो फुकट मिळत असताना केवळ गहिरेपणासाठी सोडू नये.

हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात १९६४ साली ही कविता आली तेव्हा तिच्या शीर्षकात 'आशंका के द्वीप' असेही शब्द होते. इथेही तोच धोका. हिंदीतली आशंका म्हणजे काहीतरी वाईट घडणार अशी धास्ती. मराठीत आशंका घेतली जाते ती शास्त्रार्थात, युक्तिवादात; ती शंकेची थोरली बहीण आहे. मराठीत 'आशंकेची बेटे' म्हटले की भीतीची जागा तर्काने घेतली. 'धास्ती' किंवा 'भयशंका' म्हणावे लागेल, आणि दोन्ही शब्दांची काही ना काही किंमत मोजावी लागेल.

दुसरा शब्द 'जुलूस'. कवितेत मध्यरात्री बँडच्या तालावर एक जुलूस निघतो. त्यात फौजी आहेत, अधिकारी आहेत, शहरातले नावाजलेले पत्रकार, विचारवंत, कवी आहेत आणि त्यांच्याच रांगेत एक कुख्यात खुनी आहे. हिंदीतला जुलूस तसा तटस्थ शब्द आहे. तो विजयाचा असू शकतो, निषेधाचा असू शकतो, ताबूतांचाही असू शकतो. मराठीत असा तटस्थ शब्द रोजच्या वापरात नाही. आपण रस्त्यावर चालणारी गर्दी पाहिली की लगेच तिचा हेतू विचारतो आणि मग नाव देतो. मागणी असेल तर मोर्चा, भक्ती असेल तर दिंडी, मृत्यू असेल तर अंत्ययात्रा, आणि मिरवायचे असेल तर मिरवणूक. म्हणजे हिंदी कवीने जो निवाडा वाचकावर सोडला, तो मराठी अनुवादकाला शब्द निवडतानाच करावा लागतो.

काही जण इथे 'जुलूस' हाच शब्द ठेवतील. मला तो मार्ग पळवाटेचा वाटतो. मराठी वाचकाला तो हिंदी म्हणून ओळखू येईल, आणि एकदा हिंदी म्हणून ओळखला की ती मिरवणूक आपल्या गावातली राहणार नाही, परक्या गावातली होईल. या कवितेचे सगळे बळ तर ती आपल्याच गल्लीतून जाते यात आहे. 'मोर्चा' चुकीचा, कारण मोर्चा सत्तेकडे जातो आणि इथे सत्ताच रस्त्यावर आहे. उरते 'मिरवणूक'. पहिल्यांदा ऐकताना हा शब्द विचित्र वाटतो, त्यात गुलाल आहे, गणपती आहे, नवरदेव आहे. पण त्याच्या पोटात 'मिरवणे' आहे. खुन्याच्या खांद्याला खांदा लावून हे सज्जन मिरवत आहेत, ही गोष्ट मराठी शब्द जितक्या उघडपणे सांगतो तितकी हिंदी शब्द सांगत नाही. इथे अनुवादात काही सांडत नाही, उलट थोडे मिळते. मात्र ते मिळण्यासाठी 'मिरवणूक' हा शब्द सणाच्या सवयीतून बाहेर काढून पुन्हा ऐकावा लागतो.

याच घरातले दुसरे उदाहरण मला फार बोलके वाटते. मुक्तिबोधांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या एका कवितासंग्रहाचे नाव 'नवी मळवाट'. हे नाव हिंदीत न्यायचे कसे? 'पगडंडी' सुचते. पण पगडंडी अरुंद असते, तिच्यावरून एका वेळी एकच माणूस जातो, आणि हिंदी कवितेने तिला एकाकीपणाशी जोडून टाकले आहे. 'लीक' म्हणजे चाकोरी, ती तर निंदेची. मळवाट म्हणजे अनेक पावलांनी मळून मळून तयार झालेली वाट. आता नवी असेल तर ती मळलेली कशी, आणि मळलेली असेल तर नवी कशी? या दोन शब्दांच्या कुरबुरीतच त्या नावाचा अर्थ आहे, असे मी वाचतो. वाट नवी आहे, पण ती एका बंडखोराने एकट्याने काढलेली नाही. पुष्कळ लोक आधीच तिच्यावरून चालू लागले आहेत. समूहावर विश्वास असलेल्या कवीचे हे शीर्षक आहे. 'नया रास्ता' असे त्याचे भाषांतर केले तर ते कोणत्याही कवीचे होईल.

आता कवितेतून घरात येतो. भिलाईच्या सेक्टरांमधून तीन पिढ्यांची मराठी ऐकू येते. पहिली पिढी विदर्भातून, खानदेशातून, पुण्याकडून भाषा घेऊन आली. तिसऱ्या पिढीची मराठी बिघडली अशी तक्रार मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात होते, आणि पुरावा म्हणून हिंदी शब्दांची यादी वाचली जाते. मला ही तक्रार नेमकी वाटत नाही. शब्द आल्याने भाषा मरत नाही. पोलाद फारसीतून आले, बटाटा पोर्तुगिजांबरोबर आला, मराठी होती तशी उभी आहे. आलेला शब्द किती जणांची जागा घेतो, ते मोजायला हवे.

'नाराज' हा शब्द पाहा. इथल्या मराठी घरांत आता सगळेच नाराज होतात. पूर्वी मूल रुसत असे, आणि रुसण्यात कोणीतरी समजूत काढायला येईल हा भरवसा असे. आई रागावत असे, आणि त्यात बोलणी देणेही आले. भाऊ चिडत असे. ते पटकन येई, पटकन जाई. सहल रद्द झाली की मुलगी हिरमुसत असे; तिचा कोणावर राग नसे, फक्त चेहरा उतरे. धाकटा खट्टू होई. पाहुणा मनातून दुखावला जाई आणि ते बोलून दाखवत नसे. ही सगळी माणसे आता नाराज आहेत. रुसलेल्याची समजूत काढायची असते, रागावलेल्यापुढे गप्प बसायचे असते, हिरमुसलेल्याला जवळ घ्यायचे असते, दुखावलेल्याची क्षमा मागायची असते. नुसत्या नाराज माणसाशी कसे वागावे हे शब्द सांगत नाही. तेच 'परेशान'चे. हैराण, बेजार, कासावीस, त्रस्त, वैतागलेला, मेटाकुटीला आलेला, या सहा जणांना एकाच खुर्चीत बसवले आहे. छटा जाते म्हणजे शोभा जाते असे नाही. माणसाला कशाची गरज आहे ते ओळखण्याचे एक साधन जाते.

याचा दोष हिंदीला देणे मात्र अन्यायाचे आहे. हिंदीत रूठना आहे, खीझना आहे, झल्लाना आहे, तुनकना आहे. ती भाषा छटांनी गरीब नाही. आमच्या घरात जी आली ती प्रेमचंदांची हिंदी नव्हे. कारखान्याच्या निमित्ताने आंध्रातून, केरळातून, बंगालमधून, पंजाबातून, ओडिशातून आणि महाराष्ट्रातून माणसे आली. त्यांना एकमेकांशी बोलायचे होते, म्हणून त्यांनी एक कामचलाऊ हिंदी ठरवून घेतली. सगळ्यांना कळायचे तर शब्द थोडे लागतात आणि प्रत्येक शब्दाला पुष्कळ काम पडते. फाटकावर, बाजारात, शिफ्टच्या बसमध्ये ती भाषा उत्तम चालली. अडचण झाली ती तीच भाषा स्वयंपाकघरात शिरल्यावर. आणि ती केवळ मराठी घरांची अडचण नाही. इथल्या हिंदीभाषक घरातली मुलेही 'तुनकना' विसरत चालली आहेत.

उलट दिशेचा एक लाभही नोंदवला पाहिजे. छत्तीसगढीत प्रेमाला 'मया' म्हणतात. हिंदीत 'माया' म्हटले की भ्रम आठवतो, नाहीतर पैसा. मराठीत माया दोन्ही आहे; संतांची माया फसवते आणि आईची माया वाढवते. छत्तीसगढीच्या 'मया'त यातली दुसरी माया आहे. म्हणजे या एका शब्दापुरती मराठी ही प्रमाण हिंदीपेक्षा इथल्या मातीच्या बोलीला जवळची आहे. बस्तरच्या हलबीची गोष्ट तर याहून पुढची. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात तिची मांडणी मराठीच्या खंडात केली होती. पुण्यात राहणाऱ्या मराठी माणसाला 'माया' शब्दाची ही नातलग मंडळी ठाऊक असण्याचे कारण नाही. भिलाईच्या मराठी माणसाला ती रोज भेटतात. दोन-तीन भाषांच्या मधोमध राहणारा माणूस छटा गमावतो, तसा त्याला त्या ऐकूही अधिक येतात, जर त्याने कान उघडे ठेवले तर.

आमच्या गावाला एक दाखला सहज समजेल. ब्लास्ट फर्नेसमधून वाहणाऱ्या लोखंडात सुमारे चार टक्के कार्बन असतो आणि ते थंड झाल्यावर ठिसूळ असते. तोच कार्बन एक टक्क्याच्या खाली आणला की त्याचे पोलाद होते आणि त्याचे रूळ बनतात. बाहेरून दोन्ही लोखंडच. तीन-साडेतीन टक्क्यांचा तो फरक डोळ्याला दिसत नाही, भार पडला की कळतो. शब्दांचेही असेच आहे. गप्पांमध्ये 'नाराज' चालून जाते. कवितेचा, पत्राचा, सांत्वनाचा भार पडला की तो शब्द तुटतो.

मग करायचे काय? माझ्यापुरती मी एक रीत ठरवली आहे, आणि नवे अनुवादक विचारतात तेव्हा तीच सांगतो. शब्दाचा अर्थ विचारू नये, त्याची संगत विचारावी. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड घरात असले तरी ही पायरी चुकत नाही. तो शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतो? अंधार पडतो आणि काळोख दाटतो, हे तिथे कळते. तो कोण कोणाला म्हणतो? कौतुक मोठा करतो, हे तिथे कळते. आणि तिसरे, तो ऐकल्यावर ऐकणाऱ्याने काय करायचे असते? रुसलेल्याची समजूत काढायची, हे तिथे कळते. या तीन प्रश्नांची उत्तरे दोन्ही भाषांत सारखी आली तरच शब्द उचलावा. एकही उत्तर वेगळे आले तर तो सारख्या चेहऱ्याचा परका शब्द आहे असे समजावे.

यातला तिसरा प्रश्न कोशांतून सुटत नाही. तो सोडवू शकणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. पहिल्या पिढीतल्या आजी हिरमुसणे आणि खट्टू होणे यांतला फरक व्याख्येने सांगणार नाहीत, पण कोण केव्हा हिरमुसले आणि कोण केव्हा खट्टू झाले ते प्रसंगानिशी सांगतील. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात बिघडलेल्या मराठीची यादी वाचण्याऐवजी हे प्रसंग उतरवून घेतले, तर 'अंधेरे में'च्या मराठी अनुवादाची निम्मी तयारी तिथेच होईल.